मदत हवी आहे: घरमालक काका वारले, भाडेकरार आता कुणाशी करायचा? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापुरात पूर्व भागात, अशोक चौकाच्या जवळ भाड्याने राहतो. वरचा मजला आमच्याकडे, खाली घरमालक. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, मी घरी शिकवण्या घेते. मुलीची शाळा चालत जाण्याइतकी जवळ आहे आणि माझ्या शिकवणीची मुलंही याच गल्लीतली. त्यामुळे हे घर सोडायची आमची अजिबात इच्छा नाही, हे आधीच सांगते.

करार लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी), अकरा महिन्यांचा, दर खेपेला नवा. काका होते तोवर त्यात काही अडचणच आली नाही. मुदत संपत आली की तेच एजंटला घरी बोलवायचे. तो लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन यायचा, सगळ्यांचे अंगठे घ्यायचा, चार दिवसांत नोंदणी झालेला करार मोबाइलवर यायचा. भाडं चार-पाचशेनं वाढायचं, आम्हीही कधी खळखळ केली नाही.

यंदा गड्डा यात्रा उठली आणि थोड्याच दिवसांत काका गेले. आमचा करार पुढच्या महिनाअखेरीस संपतोय.

काकांचा मुलगा पुण्याला असतो. परवा आला होता, म्हणाला, करार आता माझ्या नावाने करायचा, भाडं ८,००० वरून १०,०००, आणि ऑनलाइन नोंदणीच्या भानगडीत कशाला पडता, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून टाकू. डिपॉझिटचं विचारलं तर म्हणाला, ते तुमचं आणि बाबांचं होतं, माझ्याकडे नवीन द्या. आमचे ४०,००० काकांच्या खात्यावर बँकेतून गेलेले आहेत आणि चालू करारात तो आकडा लिहिलेला आहे. पुन्हा ४०,००० कुठून आणायचे?

दुसऱ्या दिवशी भिवंडीहून काकांच्या मुलीचा फोन. घर बाबांचं होतं, एकट्या भावाशी सही करू नका, म्हणाली. काकू मधल्यामध्ये. त्यांना दोघांपैकी कुणालाच दुखवायचं नाही. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "तू जाऊ नको गं पोरी, वरचं घर बंद राहिलं तर मला खायला उठंल."

भाडं सध्या काकूंच्याच हातात रोख देतोय, पावती नाही.

आणखी एक. नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं हे सोलापूरकरांना सांगायला नको. खाली एकच हौद आहे, मोटर लावून वर टाकी भरायची. काका असताना पाणी सुटलं की आधी आमची टाकी भरायचे आणि मग खालच्या घागरी. हे सगळं तोंडीच होतं. उद्या मुलाने खाली दुसरं बिऱ्हाड ठेवलं तर काय?

तर करार कुणाशी करायचा, जुनं डिपॉझिट पुढे कसं धरायचं, नोटरी चालते का, आणि २,००० ची वाढ मागता येते का? काकूंचं मन न दुखवता हे व्हावं एवढीच इच्छा आहे.

भुईकोट:
ताई, वर्षाला ४ टक्क्यांपेक्षा जास्त भाडं वाढवताच येत नाही, भाडे नियंत्रण कायद्यात आहे. ८,००० वर फार तर ३२० रुपये होतात. तसं स्पष्ट सांगा त्याला.

दस्तनोंदणी:
भुईकोट, ते ४ टक्के महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये आहेत खरे, पण ते जुन्या, संरक्षित भाडेकरूंसाठी. लिव्ह अँड लायसन्समध्ये मुदत संपली की भाडं दोघांनी ठरवायचं असतं. ताईंनी ४ टक्क्यांवर अडून बसू नये, पुढचा सरळ "मग घर खाली करा" म्हणेल आणि कायद्याने त्याला तसं म्हणता येतं. आसपास तशाच दोन खोल्यांना काय भाडं आहे ते विचारून घ्या आणि त्यावर बोला.

आता मुख्य मुद्दा. काकांनी मृत्युपत्र केलं होतं का, हे काकूंना आधी विचारा. नसेल आणि घर काकांचं स्वकष्टार्जित असेल, तर हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगा आणि मुलगी तिघांचा सारखा हिस्सा. मुलीचं लग्न झालंय म्हणून तिचा हिस्सा जात नाही. म्हणजे एकट्या मुलाला "घर माझं" म्हणून करार लिहून देता येणार नाही. करारात "लिहून देणार" (म्हणजे घर देणारे) म्हणून तिघांची नावं घाला. मालमत्ता पत्रकावर वारस नोंद झाली नसली तर काकांचा मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती करारात नमूद करता येते.

नोटरीचं म्हणाल तर तो करार नोंदणीकृत होत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच खरं धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही तोवर. मुलाला हे भांडणाच्या सुरात सांगू नका. "दादा, हे तुमच्याच फायद्याचं आहे" म्हणून सांगा, कारण खरोखरच आहे.

खर्च तरी किती? मुद्रांक एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून मिळवायचं. समजा ९,००० ठरले, तर अकरा महिन्यांचे ९९,००० आणि व्याजाचे साधारण ३,६६७. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे अडीचशे रुपयांच्या जरा वर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० आणि वर एजंटची मजुरी. एवढ्यासाठी कुणी नोटरीच्या मागे लागू नये.

जुळे_सोलापूरकर:
कशाला एवढा ताप? जुळे सोलापुरात, सैफुलला भरपूर घरं रिकामी आहेत. वारसांच्या भांडणात भाडेकरूने पडू नये, माझं स्पष्ट मत.

धागाकर्ती:
दादा, तुमचं म्हणणं काळजीपोटी आहे हे कळतं. पण मुलीची शाळा आणि माझ्या शिकवण्या दोन्ही इथेच आहेत, आणि काकूंना या दिवसांत सोडून जायला मन होत नाही.

दस्तनोंदणी, खूप आभार. तिघांच्या नावाचं मी बोलते. पण एक मोठी अडचण. काकूंनी सगळं आयुष्य विड्या वळल्या. अंगठ्यावर रेषाच राहिलेल्या नाहीत, रेशनच्या दुकानातही मशीन दोन-तीनदा नाकारतं. पूर्वी काकांचा अंगठा लागायचा, आता काकूंचा लागणार. आणि मुलगी भिवंडीला, ती फक्त करारासाठी येईल असं वाटत नाही.

साखरपेठ:
माझ्या आईचं हेच झालं होतं, तीही विडी कामगार. अंगठ्यावरच अडू नका, दहाही बोटं लावून बघा, करंगळी किंवा मधलं बोट चालून जातं. विड्या वळताना कात्री ज्या हातात असते तो हात जास्त झिजतो, म्हणून दुसऱ्या हातापासून सुरुवात करा. आधी कोमट पाण्याने हात धुऊन, पुसून, थोडं खोबरेल चोळायचं आणि परत पुसायचं. आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने घेता येतात, वेळ असेल तर ते आधी करा. एवढं करून नाही जमलं तर ऑनलाइनचा नाद सोडून दुय्यम निबंधक कार्यालयात काकूंना रिक्षाने न्या. तिथे समोर हजर राहून, ओळख पटवणारे दोन साक्षीदार घेऊन दस्त नोंदवता येतो, आधारच्या मशीनवाचून अडत नाही. आमचं तसंच झालं. सकाळी लवकर जा आणि काकूंच्या औषधाचं नि खाण्याचं बरोबर ठेवा, थांबावं लागतं.

दस्तनोंदणी:
साखरपेठ यांनी नेमकं सांगितलं. ऑनलाइन जमलं तर मुलीने सोलापूरला यायची गरज नाही, तिकडच्या एजंटकडे त्याच टोकनवर (करार ऑनलाइन भरल्यावर मिळणाऱ्या क्रमांकावर) तिचा अंगठा होतो. कार्यालयात जाऊन करायचं ठरलं तर मात्र ती स्वतः किंवा तिचं कुलमुखत्यारपत्र लागेल. त्याचा मसुदा वकिलाकडून करून घ्या.

वकिली_कट्टा:
दोन गोष्टींवर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

पहिली, मुदत. चालू करार संपल्यावर "बघू, होईल" म्हणत राहू नका. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. मुलाच्या मनात तसं नसेलही, पण उद्या बहीण-भावात बिनसलं की पहिला कागद तुमच्याविरुद्ध निघेल. मुदत संपायच्या आधी नवा करार करा. वेळेत होत नसेल तर तिघांकडून तेवढ्या काळापुरती राहण्याची लेखी संमती घ्या.

दुसरी, डिपॉझिट. मयताची मालमत्ता ज्यांच्याकडे जाते, त्यांच्याकडे त्या मालमत्तेपुरती त्याची देणीही जातात. "ते बाबांचं होतं" हे उत्तर टिकणारं नाही. नवीन रक्कम देऊ नका. नव्या करारात असं वाक्य घाला: "मागील नोंदणीकृत करारान्वये दिलेली ४०,००० रुपये अनामत रक्कम या कराराची अनामत म्हणून पुढे चालू राहील व ताबा परत देतेवेळी ती परत करण्यास सर्व लिहून देणार संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार राहतील." जुन्या कराराचा दस्त क्रमांक आणि तारीखही तिथेच टाका. बँकेचा उतारा काढून जपून ठेवा.

भाडं आजपासून रोख देणं थांबवा. काकूंच्या खात्यावर भरा. तिघांनी मिळून भाडं कुणाच्या खात्यात जाणार हे करारात लिहून दिलं की तुमच्या डोक्यावरचा भार उतरला. यजमान जुन्या कर पद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट घेत असतील तर लक्षात ठेवा, वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. ८,००० ला ९६,००० होत होते, ९,००० ला १,०८,००० होतील.

पाण्याचंही लिहून घ्या, लाजू नका. हौद आणि मोटर सामाईक, पाणी येईल त्या दिवशी वरची टाकी भरू देणं, मोटरचं वीजबिल कसं वाटायचं, एवढं तीन ओळींत बसतं.

धागाकर्ती:
सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. रविवारी मुलगा आला होता, काकू आणि आम्ही दोघं बसलो, मुलगी व्हिडिओ कॉलवर. मृत्युपत्र नाही. दस्तनोंदणी यांनी मांडलेला खर्च कागदावर लिहून दाखवला, तेव्हा तो म्हणाला, एवढंच असेल तर नोंदणीच करू. त्याला एजंट सात-आठ हजार घेतो असं कुणीतरी सांगितलं होतं म्हणे. आम्ही शेजारच्या दोन बिऱ्हाडांचं भाडं सांगितलं आणि ९,००० वर ठरलं. भाडं काकूंच्या खात्यावर जाणार, हे मुलीनेच सुचवलं आणि भावाने लगेच मान्य केलं. डिपॉझिटचं वाक्य वकिली_कट्टा यांनी दिलं तसंच घेतलंय.

पाण्याच्या ओळी मात्र काकूंनी स्वतः सांगितल्या. "आधी वरची टाकी, मग खालची" असं लिहा म्हणाल्या.

काकूंच्या डाव्या हाताचं मधलं बोट चाललं! म्हणजे ऑनलाइनच होईल. मुलीचा अंगठा भिवंडीत या आठवड्यात होतोय.

शेवटचं विचारते, पोलीस ठाण्यात आमची माहिती आधी दिलेली आहे. नव्या करारावर परत द्यायची का?

दस्तनोंदणी:
द्या. आता मालक म्हणून नावं बदलली आहेत. राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूची माहिती भरायची सोय आहे, मुलगा पुण्यातून भरू शकेल. नव्या कराराची प्रत आणि तुमचे फोटो त्याला पाठवून ठेवा.