डॉक्युमेंटेशनसाठी माणसं कुठून आणायची?

गच्चीवरचा
नमस्कार मंडळी. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या काढणारं एक छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आम्ही तिघं चालवतो. कोड लिहायला कोणी ना कोणी येतं, डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसं वापरायचं हे लिहून ठेवणं, म्हटलं की सामसूम. इन्स्टॉलेशनच्या पानावर अजून पायथन 3.6 टाका असं लिहिलंय, त्याचा सपोर्ट डिसेंबर 2021 मध्येच संपला. रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या ओळखीच्या पानावर, 'स्वयंसेवक हवेत' ही पाटी वर्षभर लटकतेय. एकच जण आला. काय करू विचारलं, मी म्हटलं जे आवडेल ते. परत फिरकला नाही. काय चुकतंय?

अर्धविराम
'जे आवडेल ते' इथेच माशी शिंकली. लग्नघरात पाहुण्याला 'काहीतरी मदत करा' म्हणा, तो खुर्ची धरून बसेल. 'या अक्षता वाटा' म्हणा, लगेच उठेल. इश्यूत (प्रोजेक्टच्या कामांच्या यादीतल्या नोंदीत) लिहा: 'इन्स्टॉलेशनची चौथी पायरी उबुंटू लिनक्सवर करून बघा, कुठे अडलात ते कळवा, अर्धा तास लागेल.' वर 'गुड फर्स्ट इश्यू'चं, म्हणजे नवख्याला जमेल असं काम, हे लेबल.

चहाबाज
हॅक्टोबरफेस्ट गाठा की, ओपन सोर्सला हातभार लावायची ऑनलाइन मोहीम. ऑक्टोबरात माणसंच माणसं.

अर्धविराम
@चहाबाज, जपून! 2020 मध्ये बक्षिसाच्या टी-शर्टापायी रीडमीत एखादा शब्द इकडचा तिकडे केलेल्या पुल रिक्वेस्टचा (बदल स्वीकारा म्हणून पाठवलेल्या विनंत्यांचा) नुसता पूर आला होता. शेवटी आयोजकांनी महिना संपायच्या आतच नियम बदलला, प्रोजेक्टने स्वतःहून होकार दिला तरच धरायचं. शिवाय नोव्हेंबरात त्यातलं कोण उरतं?

मीनाक्षी_टेस्टर
मी कोडवाली नाही. लिबरऑफिसचं थोडं मराठीकरण केलंय, ते वेबलेट या भाषांतराच्या साइटवर ब्राउझरमध्येच होतं, कोडमधले बदल सांभाळणारं गिट शिकावं लागलं नाही. तुमच्याकडे आधी फोर्क, मग ब्रँच, मग कमिट अशा गिटच्या पायऱ्या असतील तर माझ्यासारखी दारातूनच परत जाईल. पानाखाली 'हे पान सुधारा' अशी लिंक द्या, ती थेट गिटहबच्या, म्हणजे कोड ठेवायच्या साइटच्या, एडिटरात उघडू दे.

आणि उत्तर लवकर द्या हो! एका प्रोजेक्टला मी दोन परिच्छेद पाठवले होते, सात आठवडे कोणी बघितलंही नाही. नंतर मीच नाद सोडला. कुबरनेटिस या मोठ्या ओपन सोर्स प्रोजेक्टच्या डॉक्युमेंटेशन गटात आलेल्या पुल रिक्वेस्ट बघायला आठवड्याची पाळी लावतात. तुम्ही तिघं आहात, लावा की पाळी.

शेवटचं म्हणजे, नवी माणसं कशाला शोधताय? जो काल अडला आणि आज सुटला त्यालाच धरा. कुठे ठेच लागते ते त्याला ताजं आठवत असतं, तुम्ही कधीच विसरलात.

गच्चीवरचा
दहा दिवसांनी अपडेट. पाळी लावली, माझी सोमवारपासून. थकबाकीवरचं व्याज कसं लावायचं हे एका सोसायटीच्या खजिनदार काकांनी चॅटवर विचारलं होतं. त्यांनाच म्हटलं, आता तुम्हाला जमलंय तर तुमच्या शब्दांत लिहून द्या. त्यांनी वहीच्या पानाचे तीन फोटो पाठवले, पट्टीने आखलेले रकाने, लाल पेनने खुणा. एक पायरी तर आम्हालाच माहीत नव्हती. टाइप मी केलं, नाव त्यांचं टाकलं. लगेच फोन आला, "नावापुढे 'मानद खजिनदार' लिहा."

चहाबाज
काकांना 'गुड फर्स्ट इश्यू' दाखवू नका फक्त, सभेच्या अजेंड्यावर घेतील.