मदत हवी आहे: ट्रकचा सेल्फ नुसता टकटक करतो, इंजिन फिरत नाही

मंडळी, नमस्कार. माझा मासळी वाहतुकीचा सहा चाकी ट्रक आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात माल भरायचा आणि आंबा घाटाने कोल्हापूर गाठायचं, हा नेहमीचा रस्ता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या काळात गाडी घराशेजारी पावसात उभी होती. बंदी उठल्यापासून सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) त्रास देतोय. चावी फिरवली की खालून 'टक' असा एकच ठोका येतो, कधी टकटकटक अशी माळ लागते, पण इंजिन तसूभर हलत नाही. उतारावर गाडी सोडून दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की मात्र लगेच चालू होते. म्हणजे इंजिन जाम नाही, डिझेलही येतंय.

गाडी २४ व्होल्टची, १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. सकाळी गाडी थंड असताना मल्टिमीटर लावला तर दोन्ही मिळून २५.१ व्होल्ट. वेगवेगळं पाहिलं तर एक १२.७ आणि दुसरी १२.४. चावी दाबून धरली तरी बॅटरीवर २४ च्या आसपास राहतात आणि हेडलाइट मंद होत नाही. मला सगळ्यात जास्त कोड्यात टाकणारी गोष्ट हीच आहे. बॅटरी उतरली असती तर लाइट बसला असता ना?

इलेक्ट्रिशियनने गाडीखाली वाकून आवाज ऐकला आणि सेल्फ गेला, नवीन टाका म्हणाला. नव्या सेल्फचा खर्च लहान नाही, आणि दोन महिने गाडीने एक रुपया कमावलेला नाही. नवीन टाकूनही टकटक तशीच राहिली तर काय करायचं? तोवर माल भरलेला असताना इंजिन बंद करायची सोय नाही. साखरप्याला चहाला उतरलो तरी गाडी चालूच ठेवावी लागते. घाटात बंद पडली तर बर्फ वितळून आख्खा माल जाईल, ही धास्ती वेगळीच. सेल्फ खोलण्याआधी काय काय तपासू, ते क्रमाने सांगा.

आणखी दोन गोष्टी. १२.४ वाल्या बॅटरीवरून केबिनमधल्या टेप आणि पंख्याला वायर काढलेली आहे, बॉडी बांधली तेव्हापासून. दुसऱ्या बॅटरीचं पाणी मात्र लवकर आटतं. आणि क्रेटमधून गळणारं बर्फाचं खारं पाणी चॅसीवरून खाली जातं.

प्रतिसाद (चिपळूणहून)

दादा, सेल्फ इतक्यात खोलू नका. माझं रोजचं काम गाड्यांच्या वायरिंगचं आहे, आणि तुम्ही लिहिलेला हेडलाइट फार कामाचा आहे.

सेल्फ इंजिन फिरवताना काहीशे अँपिअर ओढतो. एवढा करंट खरोखर गेला तर बॅटरीचे व्होल्ट खाली येतातच. तुमचे २४ वरच राहतात, म्हणजे करंट जातच नाही, वाटेत कुठेतरी अडतोय. जागा तीनच: प्लसची केबल, अर्थची वाट (करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची), किंवा सेल्फच्या आत सॉलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणारा विजेवरचा स्विच) जळलेले कॉन्टॅक्ट नाहीतर झिजलेले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे). टक आवाज सॉलेनॉइडचा असतो. तो आत ओढला जातो आणि तांब्याची चकती दोन जाड बोल्टांना जोडते. चकती जळली असेल तर बहुतेक एकच ठोका येतो. माळ लागते तेव्हा मात्र चकती टेकल्याबरोबर सॉलेनॉइडपाशी व्होल्ट कोसळतात, सॉलेनॉइड सुटतो, व्होल्ट परत येतात, पुन्हा ओढला जातो. बॅटरी उतरली तरी हेच होतं, पण मग हेडलाइटही त्याच तालावर मिचमिचतो. तुमचा मिचमिचत नाही.

म्हणून माझा संशय इंजिन आणि चॅसीमधल्या अर्थ पट्टीवर आहे. बॅटरीचा मायनस चॅसीला असतो, हेडलाइटचा अर्थही चॅसीला. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेलं. सेल्फचा सगळा करंट परत यायला ती एक पट्टीच. तिच्या टोकाचा लग (बोल्टात अडकणारी कडी) वरून चकाचक दिसतो आणि आत क्रिंपमध्ये, म्हणजे तारा दाबून बसवलेल्या जागी, तांब्याची हिरवी भुकटी झालेली असते. मासळीच्या गाड्यांत हे मी सारखं पाहतो. वाटेत ०.०१ ओहम एवढा जरी अडथळा आला तरी ३०० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच जातात. तुमच्याकडे अडथळा त्याहून खूप मोठा असणार.

एकाला चावी धरायला बसवा. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, लगवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर. दुसरी सेल्फच्या अंगावर, रंग खरवडून. चावी दाबल्यावर एखाद्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थ खराब. तसंच प्लसच्या खांबापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत मोजा. दोन्हीकडे जवळपास शून्य, आणि सॉलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांमध्ये चावी दाबूनही २४ दिसले, तर कॉन्टॅक्ट जळलेले. तिथेही काही दिसलं नाही तर कार्बन. मगच सेल्फ उतरवा, आणि तेव्हाही कार्बन किंवा सॉलेनॉइड सुटा बदलता येतो, आख्खा सेल्फ घ्यायची गरज नसते.

चावी चार-पाचदा मारल्यावर एक्सलरेटरच्या केबलला हात लावून पाहा. अर्थ पट्टी तुटली की करंट मिळेल त्या वाटेने परत जातो आणि ती केबल तापते.

प्रतिसाद (मालवणहून)

वरचं सगळं बरोबर आहे. फक्त एक कळकळीची विनंती. गाडीखाली झोपून सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना टेकवून इंजिन फिरवायच्या फंदात कोणी पडू नका. गिअरमध्ये राहिलेली गाडी त्या क्षणी चालू होऊन अंगावर येते. न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला मागेपुढे दगड, हे झाल्याशिवाय खाली जायचंच नाही. केबल खोलताना आधी मायनस काढा, लावताना मायनस शेवटी.

बॅटरीचं दुखणं वेगळं आहे, पण तेही खरं आहे. एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले की ती कायम अर्धपोटी राहते. अल्टरनेटर दोघींना मिळून चार्ज करतो, त्याला यातलं काही कळत नाही, आणि भरलेल्या बॅटरीत करंट जातच राहून तिचं पाणी उकळतं. तुमची दुसरी बॅटरी पाणी पिते ती यामुळेच. टेप आणि पंख्यासाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा. ॲसिडची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) सेलागणिक तपासा. भरलेल्या सेलला १.२६ ते १.२८ यायला हवी. एखादाच सेल बराच खाली असेल तर ती बॅटरी गेली समजा. बदलायची वेळ आली तर जोडीनेच बदला.

मूळ धागाकर्ता

सांगितलं तसं मोजलं. प्लसच्या बाजूला ०.२ च्या आत. अर्थच्या बाजूला टकटक चालू असताना मीटर नाचतो, पण १९ पर्यंत जातो! एक्सलरेटरच्या केबलचं वरचं प्लास्टिक गिअरबॉक्सजवळ मऊ पडून चिकटलं होतं, ते मला इंजिनच्या उष्णतेने झालेलं वाटत होतं. मग जाड जंपर केबलचं एक टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला आणि दुसरं चॅसीला लावलं. अर्ध्या फेरीत इंजिन चालू. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

पट्टी काढली. रबरी टोपणाखाली लगाजवळच्या तारा बोटांनी चुरडल्या की हिरवट पीठ होऊन पडत होत्या, चार-सहा तारा तेवढ्या शाबूत. आता नवी टाकतोय. केवढ्या जाडीची घेऊ, आणि खाऱ्या पाण्यापासून कशी वाचवू?

प्रतिसाद (चिपळूणहून)

बॅटरीच्या केबलइतकी जाड, कल्हई केलेल्या तांब्याची मिळाली तर उत्तम. लग दाबून बसवलेला असावा आणि त्याच्या तोंडावर गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवा, म्हणजे पाणी तारांत शिरत नाही. चॅसी आणि इंजिनवर बोल्टाची जागा पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा. आधी कोरडं घट्ट आवळा, ग्रीस नंतर वरून थापा. मधे रंग राहिला तर पुन्हा तोच प्रकार. एक जादा पट्टी इंजिनच्या दुसऱ्या बाजूलाही टाका, खर्च किरकोळ आहे. एक्सलरेटरची केबल मात्र आता बदला, घाटात अडकली तर भलतंच होईल.

क्रेटचं पाणी एका कोपऱ्यात गोळा करून रबरी नळीने चॅसीच्या बाहेर काढा. बॅटरीच्या पेटीवर ते पडता कामा नये. माल उतरवल्यावर गोड्या पाण्याने चॅसी धुवा. आणि पुढच्या बंदीत गाडी उभी करताना बॅटऱ्या काढून घरात ठेवा, महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा.