अनुभव धागा : मातीत भरलेला तास

मंडळी, पहिली ते चौथीच्या मुलांना बागेत, अंगणात किंवा नुसत्या एका कुंडीपाशी बसवून कुणी काही शिकवलं असेल, किंवा लहानपणी स्वतः तसं शिकला असाल, तर इथे लिहा. फजितीचे किस्से आधी. सुरुवात मीच करते.

माझा वर्ग दुसरीचा. काचेच्या बरणीला आतून टीपकागद लावला, मध्ये ओला कापूस ठासला आणि काच नि कागदाच्या फटीत रात्रभर भिजवलेले घेवड्याचे दाणे सरकवले. एक उभा, एक आडवा, एक उलटा. उलट्याचं काय होणार यावर मतदान घेतलं. 'मूळ वर येणार' या पक्षाला दणदणीत बहुमत. चौथ्या दिवशी मूळ खरंच वरच्या बाजूने डोकावलं आणि बहुमतवाले नाचले. दुसऱ्या सकाळी पाहतो तर ते छत्रीच्या मुठीसारखं वाकून खाली निघालेलं! मग बरणीच आडवी केली. एका दिवसात सगळी मुळं पुन्हा वळली.

फळ्यावर 'गुरुत्वाकर्षण' लिहायला खडू उचलला, तेवढ्यात एकीने विचारलं, "पण बाई, त्याला डोळे नाहीत. खाली कुठे ते कळतं कसं?" खडू खाली ठेवला. घरी जाऊन वाचलं. मुळाच्या टोकाला टोपी असते, तिच्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. ते ज्या बाजूला बसतील ती बाजू खालची. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बाटलीत चमचाभर वाळू टाकून ती उभी-आडवी फिरवून दाखवली. मधल्या सुट्टीतही मुलं ती बाटली सोडेनात.

*

तिसरीची वर्गशिक्षिका लिहितेय. माझ्या वर्गात मुलं ३२ आणि कुंड्या चार. प्रत्येकाने प्रेमाने आपापल्या वाटचं पाणी घातलं. आठवड्यात रोपं माना टाकून बसली. मुलांना वाटलं तहान लागली, म्हणून आणखी पाणी! एक रोप उपटून सगळ्यांना हुंगायला दिलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत, वास कुजका. मुळांनाही हवा लागते आणि मातीच्या फटींत पाणीच भरून राहिलं तर ती गुदमरतात, हे त्या वासाने जितकं पटलं तितकं मी तासभर बोलून पटलं नसतं. तेव्हापासून नियम एकच : बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. आता मुलं एकमेकांची बोटं तपासतात.

*

पालक म्हणून दोन ओळी. मुलगा पहिल्या दिवशी चिखलाने माखून आला तेव्हा मी शाळेला चिडून चिठ्ठी लिहिली होती. पुढच्या आठवड्यात तो खिशात गांडूळ घेऊन आला. "ते कातडीने श्वास घेतं, कोरडं पडलं तर मरेल," म्हणत त्याने माझाच रुमाल ओला केला. चिठ्ठी परत मागायची लाज वाटते.

*

उंच रोपाची स्पर्धा कुणीही घेऊ नका, किंवा घेतलीत तर माझ्यासारखी तयारी न करता घेऊ नका. सगळ्यांनी एकाच दिवशी घेवडा लावला आणि दोन आठवड्यांनी पट्टीने मोजला. पहिला नंबर आला तो कपाटामागे विसरलेल्या कुंडीचा! पिवळट, लांबुडकं, काडीसारखं रोप, हात लावताच आडवं झालं. खिडकीतली हिरवीगार रोपं उंचीत हरली. वर्गात रणकंदन. ज्या मुलीची कुंडी होती तीच शेवटी म्हणाली, "माझं रोप उजेड शोधत पळत होतं, म्हणून लांब झालं." तसंच असतं. अंधारात रोप बियांतली शिदोरी खोड लांबवण्यातच खर्च करतं, पानं हिरवी करण्याच्या भानगडीत पडत नाही. बक्षीस कुणालाच दिलं नाही. त्यावरूनही भांडण झालंच.

*

आमच्याकडे लिंबाचं एक रोप आहे. एकदा चौथीतला मुलगा धावत आला, "सर, पक्ष्याची शी चालतेय!" लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी हुबेहूब तशीच दिसते, काळपट आणि मध्ये पांढरे डाग. त्यामुळे पक्षी तिला खात नाहीत. एकाने गवताच्या काडीने टोचलं तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर आली आणि घाण वास सुटला. त्या दिवशी गणिताचा तास झाला नाही.

पुढे ती कात टाकून हिरवी झाली, मग कोश झाला. आम्ही कोश असलेली फांदी पाण्याच्या पेल्यात ठेवली आणि रोज चित्र काढू लागलो. मी फुलपाखराचं भाषणही तयार ठेवलं होतं. एका सकाळी कोशाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलेलं आणि त्यातून बारीक काळ्या परजीवी गांधीलमाश्या (दुसऱ्या किड्याच्या अंगात वाढणाऱ्या) निघत होत्या, एकामागून एक. अर्धा वर्ग रडत होता, अर्धा मोजत होता. साठाच्या पुढे आकडा हरवला. मी काय बोलावं ते सुचेना, म्हणून गप्प बसलो. चित्रवहीत मात्र त्या दिवसाचं पान सगळ्यांत भरलेलं आहे. पाय, पंख, भोक, सगळं मोजून काढलेलं.

*

वरच्या सरांना : गप्प बसलात ते उत्तम केलंत.

माझा अनुभव जुना, विद्यार्थी म्हणून. शाळेत मला हातभर लांब वाफा मिळाला होता, माझ्या एकटीचा. त्यात काय लावायचं ते मी ठरवायचं आणि मेलं तर तेही माझंच. पुढे शिक्षणशास्त्र शिकताना कळलं की फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये जर्मनीत सुरू केलेल्या आणि १८४० मध्ये 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलेल्या शाळेतही मुलांना स्वतःचे वाफे असत, शिवाय सगळ्यांचे मिळून सामाईक वाफे वेगळे. नाव आज जगभर आहे. वाफे मात्र फरशीखाली गेले.

*

थोडं कोरडं, पण कामाचं. पीक सुट्टीच्या आधी हाती यायला हवं, नाहीतर मुलं परत येतात तेव्हा नुसत्या काटक्या उरतात. छोटा लाल मुळा २५ ते ३० दिवसांत तयार होतो. गाजर नको, त्याला दुपटीहून जास्त वेळ लागतो आणि तेवढा धीर सातव्या वर्षी नसतो. गुलाबी किंवा निळ्या रंगाचं बियाणं मुलांच्या हातात देऊ नका. तो रंग म्हणजे बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळल्याची खूण असते. तास संपला की साबणाने हात. बाकी मुळा उपटण्याचा तो क्षण तुम्ही स्वतः बघा. जी मुलं घरी भाजी बघून तोंड फिरवतात ती तो तिखट मुळा डोळ्यांतून पाणी काढत खातात.

*

आमच्या शाळेला बाग नाहीच. मी प्रत्येकाला मीटरभर दोरी देते. भिंतीकडेला, पायऱ्यांच्या फटीपाशी, जिथे थोडीफार माती असेल तिथे दोरीचं कडं टाकायचं आणि १५ मिनिटं त्याच्या आत बघत बसायचं. पहिली पाच मिनिटं 'बाई, इथे काहीच नाही.' मग हळूहळू आवाज थांबतात. वर्गात तोंड न उघडणारा एक मुलगा त्या दिवशी मला हात धरून घेऊन गेला. चार मुंग्या एक मेलेला भुंगा ओढत होत्या आणि दोघी उलट दिशेला खेचत होत्या. "दोघी चुकतायत," तो म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

*

नवीन आहे, सांभाळून घ्या. सोमवारपासून पहिलीचा वर्ग मिळतोय. जागा म्हणजे खिडकीचा कट्टा. काय लावू?

*

मूग लावा. दोन दिवसांत मोड दिसतो, त्याहून जास्त वाट पहिलीतलं मूल पाहत नाही. आणि एक कुंडी जास्तीची लावा, नुसती उपटायला. मुळं आली का ते बघायला ती रोज उपटणारच आहेत.