भेंडीतलं हिरव्या पट्ट्याचं पाखरू कोणतं?

जिंतूरचा शेतकरी: रामराम मंडळी. वीस गुंठे भेंडी आहे, वाण परभणी क्रांती. रात्री ओसरीवरच्या बल्बखाली बारीक पाखरं येऊन बसायलीत, लांबीला सेंटिमीटरभर. समोरचे पंख मळकट पांढरे. त्यावर खांद्यापासून टोकाकडं हिरवा पट्टा, सुरुवातीला निमुळता अन् पुढं रुंद होत गेलेला. इकडं भेंडीचे शेंडे माना टाकायलेत. दोन्हीचा संबंध आहे का?

पाथरीकर: शेजारी कापूस असेल तर गुलाबी बोंडअळीचं पाखरू असंल.

मानवतचे काका: नाही दादा, गुलाबीचं पाखरू राखाडी-तपकिरी असतं, समोरच्या पंखांवर काळपट डाग, मागच्या पंखांना लांब झालर. हिरवा रंग त्याच्यात कुठंच नाही.

जिंतूरकर भाऊ, तुम्ही पट्टा इतका नीट पाहिलात की ओळख तिथंच पटली. पाचरीसारखा हिरवा पट्टा म्हणजे ठिपक्यांची बोंडअळी, इअरिअस व्हिटेला. भेंडीत तिलाच शेंडे आणि फळ पोखरणारी अळी म्हणतात. हिची एक बहीण आहे, इअरिअस इन्सुलाना. तिचे समोरचे पंख सगळेच हिरवे, पट्टा नाहीच. मागचे पंख दोघींचे रुपेरी पांढरे, पण पाखरू बसलं की ते झाकले जातात, म्हणून समोरचेच पंख बघायचे.

बीटी कपाशीत, म्हणजे झाडातच अळी मारणारं प्रथिन असलेल्या कपाशीत, ही अळी फारशी टिकत नाही, त्यामुळं नव्या पोरांना हे पाखरू माहीतच नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं. भेंडीला बीटीचं कवच नाही, अन् परभणी क्रांती केवड्याला, म्हणजे पानं पिवळी पाडणाऱ्या विषाणू रोगाला, दाद देत नाही म्हणून अळीलाही देणार नाही, असं समजू नका. वाळका शेंडा चिरून बघा: तपकिरी, ठिपकेदार, बारीक केसांची अळी सापडेल. असे शेंडे अळीसकट खुडून नष्ट करा, बांधावर टाकू नका. कामगंध सापळा लावणार असाल तर व्हिटेलाचीच ल्यूर, म्हणजे नर पाखरांना ओढणारी गंधाची गोळी, मागा. गुलाबीच्या ल्यूरला हे पाखरू येत नाही. अन् फवारणीआधी कळ्या, कोवळी पानं तपासा, निळसर अंडी एकेकटी घातलेली असतात.

जिंतूरचा शेतकरी: काका, शेंडा चिरला, अळी तुम्ही सांगितली तशीच निघाली. अन् आज बल्बखाली एक पूर्ण हिरव्या पंखांचं पाखरूही बसलंय, फोटो टाकतो.

मानवतचे काका: टाका. समोरचा पंख वरून, उजेडात घ्या, फ्लॅश नको. फ्लॅशनं हिरवा रंग पांढुरका पडतो.