परवान्यावर .३२ बोअर (नळीचा आतील व्यास, इंचात): रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल?

प्रश्न (नाशिकरोड): पोलीस आयुक्तालयाकडून परवाना मिळाला असून द्राक्षव्यवहाराची रोकड घेऊन पिंपळगाव बसवंतहून रात्री परतावे लागते. कपड्यांखाली झाकले जाईल असे कोणते शस्त्र घ्यावे? कानपूरचे सुमारे ५०० ग्रॅमचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर मनात आहे.

उत्तर १: केवळ वजनाला भुलू नका. हलके शस्त्र कमरेला जाणवत नाही हे खरे, पण गोळी सुटताना तेच हाताला अधिक झटका देते आणि दुसरा नेम साधायला वेळ लागतो. हॅमर (मागचा घोडा) न चढवता ट्रिगर ओढल्यास तो इतका जड लागतो की नवख्याची नळी हमखास हलते. म्हणून गोळ्यांची सहाही घरे रिकामी असल्याची दोनदा खात्री करून ट्रिगर सावकाश, सरळ मागे ओढण्याचा सराव करावा. (खरे तर रोकड बँकेमार्फतच फिरवावी.)

उत्तर २: ‘अशनी’ पिस्तूल चपटे असल्याने शर्टाखाली उठून दिसत नाही, मात्र मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढल्यावरही चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या घरात) गोळी राहू शकते. ९ मिमी प्रतिबंधित बोअर (सामान्य नागरिकाला परवान्यावर न मिळणारा) आहे, तो विचार सोडा. होल्स्टर ट्रिगर पूर्ण झाकणारेच घ्यावे. किल्ल्यांच्या खिशात शस्त्र मुळीच ठेवू नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. निवडणुकीत शस्त्र जमा करावे लागते का?

उत्तर २: छाननी समितीच्या (कोणाचे शस्त्र जमा करायचे हे ठरवणाऱ्या) निर्णयानुसार आदेश आल्यास करावेच लागते. पोच जपून ठेवा.