मदत हवी आहे : बी.कॉम.चे तिसरे वर्ष सोडून बेदाण्याचा व्यवसाय सुरू करावा का? (सांगली)

नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातील एका गावात राहते आणि सांगलीच्या महाविद्यालयात बी.कॉम. करते. दुसरे वर्ष नुकतेच पूर्ण झाले आहे. तिसऱ्या वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी मला एका गोष्टीचा निर्णय घ्यायचा आहे आणि घरात त्यावर एकमत होत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. ज्यांनी शेतमाल प्रक्रियेचा व्यवसाय केला आहे, किंवा ज्यांनी शिक्षण मध्येच थांबवून उद्योगात उडी घेतली आहे, त्यांच्याकडून मला प्रामाणिक मत हवे आहे.

आमची द्राक्षबाग आहे आणि तिचा मोठा भाग आम्ही बेदाण्यासाठीच ठेवतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा आमच्याकडे बेदाण्याचा हंगाम. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे आणि साधारण दोन आठवडे सावलीत वाळू द्यायचे, हे काम मी लहानपणापासून करत आले आहे. चार किलो द्राक्षांमागे जेमतेम एक किलो बेदाणा हाती येतो, आणि त्या काळात अवकाळी पावसाची एक सर आली तरी हिरवा माल काळवंडतो. एवढी जोखीम घेऊन तयार केलेला माल पेट्यांत भरून शीतगृहात जातो, तिथून सौद्यात म्हणजे बाजार समितीच्या लिलावात जातो, आणि त्यानंतर त्याचे काय होते याच्याशी आमचा काहीही संबंध उरत नाही. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण पुण्या-मुंबईच्या दुकानांत पाव किलोच्या पाकिटांवर पाहिले तर सांगली किंवा तासगाव हे नाव क्वचितच दिसते.

गेल्या दिवाळीत मी घरचाच थोडा बेदाणा निवडून पाव आणि अर्ध्या किलोच्या पाकिटांत भरला आणि सांगली-मिरजेच्या काही दुकानांत ठेवला. माझी समजूत अशी होती की गिऱ्हाईक रंग पाहून माल घेते. प्रत्यक्षात दुकानदारांनी पुन्हा मागणी केली ती पाकिटात देठाची काडी सापडली नाही म्हणून. एका दुकानदाराने माझ्यासमोर पाकीट ताटात ओतले, बोटाने मणी सारून पाहिले, चिकटलेली जोडी कुठे आहे का ते तपासले आणि मगच पुढची ऑर्डर दिली. हा व्यवसाय निवडणीच्या नेटकेपणावर चालतो हे मला तेव्हा कळले, आणि ते काम आमच्या गावातल्या बायकांइतके चांगले दुसरीकडे क्वचितच होत असेल, असे मला मनापासून वाटते.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. आमच्या गावाजवळ बेदाणा धुण्याचे आणि प्रतवारी करण्याचे एक लहान युनिट आहे. मालकांचे वय झाले आहे, मुले नोकरीनिमित्त बाहेर आहेत, आणि त्यांना ते तीन वर्षांच्या भाडेकराराने द्यायचे आहे. भाडे वर्षाला दोन लाख चाळीस हजार रुपये आणि अनामत एक लाख. वडिलांशी त्यांचा जुना स्नेह असल्यामुळे त्यांनी प्रथम आम्हाला विचारले आहे, पण जुलैअखेर उत्तर हवे आहे, कारण आणखी दोघे जण मागावर आहेत. युनिटचे भाडे मुख्यतः इतर शेतकऱ्यांचा माल धुऊन, निवडून देण्याच्या मजुरीतून सुटते, आणि ते काम फेब्रुवारी ते मे या महिन्यांत एकवटलेले असते. नेमके तेव्हाच माझे सहावे सत्र, 75 टक्के हजेरीची अट आणि परीक्षा. सकाळची एसटी पकडून सांगलीला जायचे आणि दुपारनंतर युनिटवर उभे राहायचे, असे केले तर दोन्हीकडे अर्धवट काम होईल अशी मला भीती वाटते. म्हणून शिक्षण थांबवण्याचा विचार मनात आला.

नियम मी वाचले आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षे पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला पदविका मिळू शकते, मात्र किमान 80 क्रेडिटशिवाय उन्हाळ्यात 4 क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. बाहेर पडल्यानंतर तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. कागदावर हे फार दिलासादायक आहे. पण माझ्या गावात शिक्षण सोडलेली मुलगी तीन वर्षांनी पुन्हा वर्गात जाऊन बसली, असे एकही उदाहरण मला ठाऊक नाही. मुलगा थांबला तर तो धंद्याला लागला असे म्हणतात. मुलगी थांबली की पंधरा दिवसांत स्थळे येऊ लागतात. आईचा विरोध व्यवसायाला नाही, तिची काळजी हीच आहे, आणि ती मला चुकीची वाटत नाही. वडील म्हणतात की युनिट घेऊ, पण चालवणार कोण हे आधी ठरव. त्यांना बाग सांभाळून दुसरीकडे लक्ष देणे शक्य नाही.

आमचे नातेवाईक अशा वेळी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला देतात, कारण 1910 मध्ये त्यांनी उभारलेली किर्लोस्करवाडी आमच्या शेजारच्या पलूस तालुक्यातच आहे. मात्र त्यांनी चित्रकलेचे शिक्षण सोडले ते रंग ओळखण्यातील दोषामुळे, आणि सोडल्यावरही ते यांत्रिक रेखाटन शिकले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत त्यांनी शिकवले, आणि मगच उद्योगाकडे वळले. तेव्हा त्या दाखल्यावरून शिक्षण सोडावे असा अर्थ मी तरी काढू शकत नाही.

मला विचारायचे आहे ते असे. पहिल्या वर्षी खेळते भांडवल किती लागेल याचा अंदाज कसा बांधावा, कारण दुकानदार उधारीवर माल मागतात आणि सौद्यात घेतलेल्या मालाचे पैसे मात्र ठरल्या मुदतीत द्यावे लागतात? मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनेतून अशा भाड्याच्या युनिटला काही आधार मिळतो का? नियमित महाविद्यालय सोडून तिसरे वर्ष दूरशिक्षणातून करणे हा मधला मार्ग कोणी अवलंबला आहे का, आणि त्यात आधीची क्रेडिट धरली गेली का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ही संधी सोडली तर पुन्हा येणार नाही, असे जे मला वाटते आहे, ते कितपत खरे आहे?

प्रतिसाद

ताई, आपण फार व्यवस्थित मांडले आहे. मी सांगली जिल्ह्यात बँकेच्या कर्ज विभागात अनेक वर्षे काम केले आणि बेदाण्याचे पुष्कळ व्यवहार जवळून पाहिले, त्या आधारे लिहितो.

आपल्या लिखाणात दोन वेगळे व्यवसाय एकत्र आले आहेत. एक, दुसऱ्यांचा माल धुऊन-निवडून देण्याची मजुरी. दुसरा, स्वतःच्या नावाने पाकिटे विकणे. पहिल्याला हंगामात पूर्ण वेळ माणूस लागतो. दुसऱ्याला लागत नाही, कारण बेदाणा शीतगृहात वर्षभर टिकतो आणि किरकोळ मागणीचा जोर रमजान व दिवाळीच्या आसपास असतो. आपल्याला आवड आणि हातोटी दुसऱ्याची आहे, पण शिक्षण सोडायची वेळ आली आहे ती पहिल्यामुळे. हे आपण स्वतःला एकदा शांतपणे विचारून पाहावे.

योजनांविषयी स्पष्ट सांगतो. आपण म्हणता तो कार्यक्रम 2019 पासून राबवला जातो आणि अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फत जातो. वय 18 पूर्ण असावे लागते, पदवीची अट नाही, ग्रामीण भागातील महिलांना अनुदानाचा दर 35 टक्के आहे. पण तो नव्या प्रकल्पासाठी आहे. जुनी यंत्रे भाड्याने घेण्यासाठी त्याचा उपयोग होणार नाही. शिवाय अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत ठेवीच्या रूपात अडकून राहते, ती माल घ्यायला हाती येत नाही. पहिल्या वर्षी माणूस बुडतो तो यंत्रामुळे नाही, तर दुकानांत अडकलेल्या उधारीमुळे. तासगावच्या बाजारात दिवाळीआधी झिरो पेमेंटसाठी सौदे थांबवून येणी-देणी मिटवली जातात, हे आपण पाहिलेच असेल. नेमक्या त्याच वेळी आपले पैसे दुकानदारांकडे असणार.

घरच्या मालावर मात्र आपल्याला सवलत आहे. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत बेदाण्यावर सहा टक्के व्याजाने कर्ज मिळते, पण ते फक्त शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला नाही. सातबारा वडिलांच्या नावावर असेल तर अर्ज त्यांनी करावा. तसेच शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागू नाही, हे जीएसटी परिषदेने डिसेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे. विकत घेतलेला माल पाकिटांत भरून विकलात की हिशेब बदलतो. म्हणून पहिले वर्ष घरच्याच मालावर काढणे शहाणपणाचे.

मालकांना असे विचारून पाहा की करार पुढील जूनपासून करता येईल का, आणि येणारा हंगाम त्यांनी स्वतः किंवा त्या दोघांपैकी एकाने चालवावा. एक वर्षासाठी अनामत आधी देण्याची तयारी दाखवा, मात्र लेखी पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. तोपर्यंत आपले सहावे सत्र संपलेले असेल.

धागाकर्तीचे उत्तर

काका, आपण इतका वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. दोन व्यवसाय वेगळे करून पाहण्याची गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. काल रात्री वडिलांबरोबर वही घेऊन बसले. मजुरीचे उत्पन्न बाजूला काढल्यावर केवळ पाकिटांच्या विक्रीतून युनिटचे भाडे पहिल्या वर्षी सुटत नाही, हे आकड्यांत स्पष्ट दिसले. आईला ही वही दाखवल्यावर तिने प्रथमच मला मालाविषयी प्रश्न विचारले, लग्नाविषयी नाही.

तिसऱ्या वर्षाचा प्रवेश मी घेणार आहे. दूरशिक्षणाचा विचार तूर्त सोडला आहे, कारण विषय आणि क्रेडिट जुळवण्यात वर्ष जाईल असे महाविद्यालयाच्या कार्यालयातून समजले. रविवारी वडील मालकांकडे जाऊन पुढील जूनच्या कराराविषयी बोलणार आहेत. त्यांनी नाही म्हटले, तर युनिट जाऊ द्यायचे आणि या दिवाळीला घरचा माल दुसऱ्या युनिटमध्ये मजुरी देऊन धुऊन घ्यायचा, असे ठरले आहे.

एक प्रश्न अजून शिल्लक आहे. तासगाव किंवा सांगलीच्या शीतगृहांत शंभर-दीडशे पेट्यांचा लहान माल दर आठवड्याला थोडा थोडा काढू देतात का, की पूर्ण लॉट एकदम उचलावा लागतो? ज्यांनी असा माल ठेवला आहे, त्यांनी कृपया भाड्याची आकारणी कशी होते तेही लिहावे.