संत्रा अन् कापसासाठी पिकअप घ्यायची आहे, कोणती घ्यावी?

संत्रावाला_वरुड

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यातला आहे, घरची सात एकर संत्रा अन् चार एकरात कपाशी-तूर. आतापर्यंत भाड्याच्या गाडीवर भागवलं पण यंदा आंबिया बहाराच्या संत्रा तोडीला जे झालं त्यानं डोकंच फिरलं. मजूर सकाळी सातला वावरात, दुपारपर्यंत तोड झाली, कॅरेट भरून धुऱ्यावर रचून ठेवले अन् गाडीवाला फोनच उचलेना, त्याला दुसरीकडे जास्त भाडं भेटलं असेल. रात्री पाऊस आला. सकाळी दुसरी गाडी भेटली तवा अर्धा माल ओला, अडत्यानं जो भाव लावला तो इथं सांगायची सोय नाही. बायको म्हणे आता घरचीच घ्या, लोकाच्या पाया पडणं बंद.

काम असं आहे. वावरापासून डांबरी रोडपर्यंत दोन किलोमीटर पांदण, काळी माती, पावसाळ्यात बैलगाडी पण फसते. तोडीच्या दिवसात वरुडच्या मंडीत आठवड्यात तीन-चार फेऱ्या, महिन्यात चार-पाच वेळा नागपूरच्या कळमना मंडीत, एका बाजूनं शंभरेक किलोमीटर. बाकी वेळेस खत, ढोरांची ढेप, कापूस जिनिंगला, अन् गावातलं भाडं मारलं तर हप्त्याला हातभार.

बजेट दहा लाखापर्यंत, अडीच रोख बाकी लोन. डोक्यात महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची इन्ट्रा व्ही 30 अन् अशोक लेलँडची दोस्त. गावातच एक 2018 ची पिकअप पण निघाली आहे, साडेचार म्हणतो. जे खरंच चालवतात त्यांनीच सांगा, शोरूमवाल्याचं ऐकून झालं. मायलेज पण सांगा.

पिकअपवाला_29

भाऊ अकरा वर्षं झाले पिकअप चालवून रायलो, आर्णी-पांढरकवडा-वणी सगळीकडे. पयली गोष्ट, मायलेज पाहून गाडी घेऊ नको. तोडीच्या दिवशी गाडी उभी रायली तर मायलेज काय चाटतं का?

माही बोलेरो पिकअप हाय, अडीच लिटरचं इंजिन, भरून 12 देते, खाली 14. कमीच हाय, खोटं काहून बोलू. पन खालून दम हाय, दुसऱ्या गिअरात पांदनीतून भरलेली निघते. अन् मुख्य म्हंजे पार्ट. म्या एकदा रात्री नऊ वाजता क्लचप्लेट आनली, ते बी तालुक्याच्या गावात, दुकानदाराले घरून उठवून. दुसऱ्या गाडीचं असं होत नाई, सांगतात "मागवून देतो, परवा येईल". परवा कापूस घरी नेऊ का?

आता वाईट सांगतो. खाली गाडी मांगून लय उडते, कंबर राह्यत नाई. कायी माती वली असली अन् गाडी रिकामी असली की मांगचे चाक जागीच फिरतात, कावून का वजन सगळं समोर. म्या पावसायात हौद्यात चार-पाच कट्टे रेती टाकूनच ठेवतो. अन् मांगच्या टायरची नक्षी घासली की पांदनीत जायाचंच नाई, मंग ट्रॅक्टर बलाव, त्याचे पाचशे वायले.

दारव्हा_भाजीगट

मी वेगळं सांगते, रागावू नका. आमच्या बायकांच्या गटाची इन्ट्रा व्ही 30 आहे, तीन वर्षं झाली. भाजी, डाळ, किराणा असं सगळं जातं. माझा दीर चालवतो अन् आता मी पण शिकले, स्टिअरिंग इतकं हलकं आहे की बाजाराच्या गल्लीत वळवायला काही वाटत नाही. दीड लिटरचं इंजिन, आम्हाला भरून सोळा-सतराच्या आसपास पडतं. रोज साठ-सत्तर किलोमीटर डांबरी रोडवर फिरणाऱ्याला त्यात महिन्याचा फरक दिसतो बरं, पिकअपवाले भाऊ मायलेजला नावं ठेवतात पण डिझेल काही फुकट नाही येत.

पण तुमची पांदण ऐकून मी इन्ट्रा घ्या असं म्हणणार नाही. मागच्या श्रावणात आमची फसली तेव्हा पोट्ट्यांनी तुराट्या अंथरून काढली. अन् पासिंग, म्हणजे कागदावर माल भरायला जे वजन मंजूर आहे ते, 1300 किलोचं आहे. आमचे ओळखीचे त्यात अठराशे भरतात अन् मग म्हणतात पाटे (मागच्या स्प्रिंगा) बसले, कंपनी खराब. गाडीनं काय केलं त्यात!

संत्रावाला_वरुड

ताई बरोबर बोलल्या, मी वजनाचा हिशोबच नव्हता केला. एका कॅरेटमधे साधारण 22 किलो माल अन् रिकामं कॅरेट दोन किलो धरलं तर 24. मी एका फेरीला 65 कॅरेट नेतो. म्हणजे 1560. इन्ट्रा व्ही 30 तर गेली. दोस्तचं कोणी सांगा ना.

परतवाडा_मिस्त्री

दोस्त गावातल्या अन् शहरातल्या कामाला चांगली गाडी आहे, तीन सिलेंडरचं इंजिन, भरवशाचं आहे, पण तुम्ही आधी हे पाहा की तुमच्या तालुक्यात त्याच्यावर हात बसलेला मिस्त्री आहे का. कोणतीही गाडी घ्या, घ्यायच्या आधी आपल्या मिस्त्र्याला विचारा तू कोणती खोलतोस. तो ज्या गाडीचं नाव ऐकून तोंड वाकडं करतो ती घेऊ नका, मग ती पेपरात कितीही भारी असो.

दुसरं, एप्रिल 2020 नंतरच्या सगळ्या गाड्या बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमाच्या. ज्या डिझेल गाडीत सायलेन्सरमधे काजळीचा फिल्टर असतो, तिला लोक डीपीएफ म्हणतात, ती रोज वावर ते घर वावर ते घर दोन-तीन किलोमीटर चालवली की फिल्टर भरतो, कारण काजळी जळायला सायलेन्सर चांगला तापायला लागतो अन् तो तापतो लांबच्या रोडवर. मग डॅशबोर्डवर लाईट लागते, लोक दुर्लक्ष करतात, एक दिवस गाडी चाळीसच्या वर पळत नाही. तुमचा कळमन्याचा फेरा आहे म्हणून तुम्हाला एवढा त्रास नाही होणार, पण लाईट लागली की त्याच आठवड्यात वीस-पंचवीस मिनिटं सलग रोडवर पळवा. शोरूममधे हे पण विचारा की यात युरियाचं पाणी, डीईएफ, टाकावं लागते का, अन् लागत असेल तर तुमच्या गावाजवळ कुठं भेटते.

आणि कॅनमधलं डिझेल बंद करा. हे मी हात जोडून सांगतो. मोटरपंपासाठी आणलेलं डिझेल, कॅन उघडी, त्यात पाणी गेलं, कचरा गेला, तेच गाडीत ओतायचं. जुन्या पंपाच्या गाड्या खपवून घेत होत्या. नव्या कॉमन रेल इंजिनाचे डिझेल फवारणारे इंजेक्टर नाही घेत. माझ्याकडे येणाऱ्या दहा गाड्यांत दोन-तीन याच कारणानं येतात अन् बिल पाहून मालक माझ्यावरच डोळे काढतो. डिझेल फिल्टरच्या खालचा पाण्याचा नळ महिन्यातून एकदा सोडून पाहा.

2018 ची जी पिकअप म्हणता ती बीएस फोर, सायलेन्सरची भानगड कमी. वाईट नाही, पण आधी पाहून घ्या. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा, भकाभका धूर येत असेल तर पिस्टनचं काम आलंच समजा. मग गाडीखाली झोपा, लाजू नका. मागचे पाटे चासीला जिथं टांगलेले असतात तिथं नवीन रंग मारला असेल किंवा वेल्डिंग दिसलं तर हात जोडून निघून या. ती गाडी आयुष्यभर ओव्हरलोड चालली आहे. रंग घासून पाहा.

पिकअपवाला_29

मिस्त्रीभाऊ कॅनचं लाख बोलले. माह्या इंजेक्टरनं मले रडवलं हाय.

हिशोबी_हिंगणघाट

गाडीचं सगळ्यांनी सांगितलं, कागदाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, लांब होईल थोडं.

पासिंग म्हणजे कागदावर जे वजन आहे ते. ओव्हरलोड सापडलं तर दंड वीस हजार, वरून जादा टनाला दोन हजार. एका दिवसात तुमच्या कितीक फेऱ्यांची कमाई जाते ते पाहा. त्यामुळं 1560 किलो नेणार असाल तर 1.7 टनवाली पिकअप बघा, दीडवाली नाही. फक्त एक, ज्या मालगाडीचं भरलेलं एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत आहे तिला परमिट लागत नाही, इन्ट्रा त्यात बसते. 1.7 टनवाली स्वतःच्या वजनासकट तीन हजारावर जातेच, तर परमिट काढावं लागेल. ते काही मोठं काम नाही पण शोरूमवाला सांगत नाही अन् मग रोडवर कळते.

लायसन्सचं टेन्शन घेऊ नका. नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी चालते.

नवीन गाडीला फिटनेस पयले दोन वर्षं, मग आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. 2018 ची गाडी 2026 मधे आठ वर्षांची होते, वरून आपल्याकडे आठ वर्षांनंतर मालगाडीला पर्यावरण कर पण लागतो. साडेचार लाखात हे पण धरा. घ्यायचीच असली तर बँकेचा बोजा उतरला का ते आरसीवर पाहा, बोजा उतरवायचा फॉर्म 35 मागा, अन् ऑनलाइन चालान किती बाकी आहेत ते पाहूनच पैसे द्या. गावातला माणूस आहे म्हणून तोंडी व्यवहार करू नका, गावातल्याशीच जास्त भांडण होते.

नवीनमधे एक फायदा, 22 सप्टेंबर 2025 पासून मालगाडीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, म्हणून जुन्या गाडीचे भाव पण खाली यायला पाहिजेत. विकणारा अजून जुन्याच भावात बोलतो. हप्ता दरमहा ठेवू नका, काही फायनान्सवाले सहामाही हप्ता करून देतात, तोड अन् कापूस पाहून. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

शेवटचं अन् हे मी नातेवाईकाच्या घरचं पाहिलेलं आहे. तोडीचे मजूर हौद्यात बसवून नेऊ नका. सगळेच नेतात, मला माहीत आहे. पण मालगाडीत असे नेलेले लोक इन्शुरन्समधे बसत नाहीत, अपघात झाला की सगळं मालकाच्या अंगावर येते. आमच्या नातेवाईकानं दोन एकर विकलं.

दारव्हा_भाजीगट

मजुरांचं खरंच आहे. आम्ही आता त्यांच्यासाठी वेगळा ऑटो करतो, महाग पडते, पण करतो.

संत्रावाला_वरुड

नऊ दिवसांनी येऊन सांगतो. 2018 वाली पाहायला आमच्या मिस्त्र्याला घेऊन गेलो. मालक चहा पाजत होता, मिस्त्री खाली झोपला, दोन मिनिटांत बाहेर आला अन् काहीच बोलला नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. पाट्याजवळ वेल्डिंग होतं, वरून काळा रंग. मालक म्हणे "ते कंपनीचंच आहे". आम्ही चहा संपवला अन् आलो.

दोस्तसाठी वरुडात विचारलं, आमचा मिस्त्री म्हणे खोलीन पण पार्ट अमरावतीहून आणावे लागतील. म्हणून काल बोलेरो पिकअप 1.7 टनवाली बुक केली, सहामाही हप्ता पण झाला, आधी नाहीच म्हणत होता, दुसऱ्या फायनान्सचं नाव घेतल्यावर लगेच हो म्हणे. मृग बहाराची तोड फेब्रुवारीत लागते, त्याच्या आधी हातात येईल.

आता एक विचारायचं, कापसासाठी हौद्यावर उंच जाळी लावून घेऊ का? कापूस हलका, बिनजाळीचा दहा-बारा क्विंटल पण नीट बसत नाही.

पिकअपवाला_29

अभिनंदन भाऊ! जाळी लाव पन नटबोल्टवाली लाव, वेल्डिंगवाली नको. संत्र्याच्या दिवसात काढून ठेवता आली पाह्यजे, नाईतर कॅरेट चढवताना मजूर शिव्या देतात. हौद्याचा मांगचा फायका उघडतो तिकडून मोकयीच ठेवजो. अन् ताडपत्री आतापासूनच घेऊन ठेव, तोडीत भाव वाढतात.

परतवाडा_मिस्त्री

जाळी लावायच्या आधी आरटीओत उंचीचं विचारून घ्या. अन् पयली सर्व्हिसिंग चुकवू नका, वॉरंटी जाते. त्यानंतर कधी परतवाड्याकडे आले तर गाडी घेऊन या, पाटे मी फुकट पाहीन.

संत्रावाला_वरुड

नक्की येतो भाऊ, एक कॅरेट संत्रा घेऊनच येतो. वीस लिटरच्या दोन कॅन होत्या घरी, बायकोनं कालच त्यात पाणी भरून ठेवलं.